पाडव्यापर्यंत

धक्का इतका लहान होता की राजी आधी रडलीच नाही. माझ्या मांडीवर उभी राहून ती समोरच्या काचेवर तळवे आपटत होती. गाडी एकदम थबकली, तिचं तोंड काचेखालच्या पट्टीला टेकलं, नुसतं टेकल्यासारखं, आणि तिने वळून माझ्याकडे पाहिलं, जशी काही मीच गंमत केली. ओठ आतून फुटला होता. तिचा वरचा दात नुकता दिसायला लागला होता, तांदळाच्या कणीएवढा, त्यानेच कापलं. मी पदराचं टोक तिच्या तोंडात धरलं. त्या गडबडीत बाहेर एक चाक फिरत असल्याचा आवाज येत होता, तो मला कितीतरी वेळ आपल्याच गाडीचा वाटला. मग दिसलं, सायकल आडवी पडली आहे, चाऱ्याच्या पेंढ्या रस्ताभर पसरल्या आहेत. आणि त्या पेंढ्यांखालून कोणीतरी अगदी हळू, स्वतःच्या घरात बोलावं तसं, "माय वं" म्हणालं.

पाळधीच्या अलीकडचा रस्ता होता तो. आम्ही धुळ्याहून येत होतो. माहेरी दसरा करून मी परत निघाले होते आणि हे मला न्यायला फियाट घेऊन आले होते. एस.टी.ने जायचं म्हणून मी पिशव्यांची तोंडं शिवून ठेवली होती. दारात गाडी पाहून इतका आनंद झाला की ती कशी काय आणली, हे विचारायचं सुचलंच नाही. जळगावला आमच्या घरात सून सासऱ्यासमोर घुंगट घेते आणि बोलत नाही. बाबूजी, म्हणजे माझे सासरे हीरालालजी, पेढीवरून घरात आले की मी भिंतीशीसुद्धा बोलत नाही. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी माझा आवाज स्वतःसाठी असा कधी ऐकलेला नाही. काही सांगायचंच झालं तर राजीला सांगायचं. "राजी, आजोबांना सांग, दूध तापलंय." तेही राजीलाच उत्तर देतात, "राजी, आईला सांग, झाकून ठेव म्हणावं." राजी व्हायच्या आधी मी दाराच्या कडीला सांगत असे. गाडीत मात्र कोणी मोठं नसतं. पारोळा मागे पडलं की मी डोकं उघडं टाकते आणि कॉलेजात बोलायची तशी बोलत सुटते. यांना फारसं बोलता येत नाही, पण ऐकता येतं, चाकावर बोटं वाजवत ऐकतात आणि मधेच म्हणतात, "अगं दम घे, जळगाव अजून लांब आहे." मला वाटतं माझा सगळा संसार त्या दोन पुढच्या सीटांवर झाला आहे. घरात तो फक्त राहतो. त्या दिवशीही मी बोलतच होते. यांचं लक्ष मात्र सारखं सूर्याकडे. आम्ही जैन, आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं होतात. बाबूजी अमळनेरहून संध्याकाळच्या गाडीने यायचे होते आणि त्यांना पानावर घरातले सगळे लागतात. घाई त्याचीच असेल असं मी धरून चालले.

त्या माणसाला यांनी एकट्याने उचललं आणि मागच्या सीटवर घातलं. त्याचा पाय जिथे वळू नये तिथे वळला होता. मी तिकडे पुन्हा पाहिलं नाही. तो ओरडला नाही. सारखं एवढंच म्हणत होता, "सायकल ऱ्हाई गई ना भाऊ, सायकल." हे म्हणत होते, "आणतो रे, आणतो." बांभोरीच्या पुलावर आलो तेव्हा गिरणेची वाळू लाल झाली होती. राजी माझ्या खांद्यावरून मागे पाहत होती. थोड्या वेळाने तिचं मुसमुसणं थांबलं म्हणून मी वळले, तर तो माणूस, घामाने निथळत, तिच्यासाठी भुवया वरखाली करत होता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी यांनी मला उतरवलं. म्हणाले, "याला सिव्हिलला पोचवून येतो. बाईंनी विचारलं तर गाय आडवी आली म्हणावं. आणि बाबूजींना—" इथे थांबले, थोडं हसले. "बाबूजींना तू काय सांगणार म्हणा."

बाई, माझ्या सासूबाई प्रेमकुंवरबाई, दारातच होत्या. त्यांनी राजीचा ओठ पाहिला, गाडी कुठे आहे ते विचारलं नाही, आणि मी गाय म्हणायच्या आधी म्हणाल्या, "जा, हातपाय धू. बाबूजी पानावर बसलेत. अभय जिनिंगवर गेलाय म्हणून सांगितलंय मी." इतक्या पटकन म्हणाल्या की ते वाक्य आधीपासून तोंडात धरून ठेवलेलं असावं. हे अंधार पडल्यावर आले. "मुका मार होता. पट्टी केली, घरी सोडून आलो," म्हणाले आणि सदरा काढून माझ्याकडे दिला. सदऱ्याला फिनेलचा वास नव्हता. मी तो बादलीपाशी नेला आणि बुडवायच्या आधी पुन्हा नाकाशी धरला. हळद होती, आणि तिच्या मागून आणखी काहीतरी, ओल्या सालीसारखं, तुरट. हा वास मी ओळखत होते आणि कुठला ते आठवत नव्हतं. राजीला पाजताना आठवलं. माझा भाऊ लहानपणी धुळ्यात पांझरेच्या काठी झाडावरून पडला होता. आजीने डॉक्टरकडे नेऊच दिलं नाही. हाडवैद्य आला आणि त्याने मेंदालकडी उगाळून हळदीत कालवून त्याच्या हातावर थापली. घरभर तो वास महिनाभर होता. भावाचा हात अजून सरळ होत नाही; पाणी वाढताना तो तांब्या वेगळाच धरतो. म्हणजे मुका मार नव्हता. म्हणजे सिव्हिल नव्हतं. राजी दूध पिता पिता ओठ दुखला की थांबायची आणि माझ्याकडे पाहायची, आणि मला वाटायचं ही मला काहीतरी विचारते आहे.

दुसऱ्या दिवसापासून गाडीवर ताडपत्री आली. यांनी सायकल बाहेर काढली. सकाळी खालच्या पेढीवर, दुपारी घरी, आणि दिवस कलला की कुठेतरी, हँडलला डबा लावून. "जिनिंगची साफसफाई चालू आहे, गड्यांना देतो," म्हणाले. आमची जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, गावाबाहेर आहे आणि हंगाम दिवाळीच्या पाडव्याचा मुहूर्त झाल्याशिवाय सुरू होत नाही. त्याआधी तिथे कोणी गडी नसतात, एवढं मला या घरात येऊन तिसऱ्या वर्षी माहीत झालेलं आहे. डबा मीच भरत होते, आणि एका दिवशी यांनी सहज म्हटलं, "जरा मऊ भात घाल, खिचडीसारखा." धडधाकट गडी मऊ भात मागतात का? भात कालवताना माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते लिहिण्यासारखं नाही. कुठे एखादी बाई असेल, बाळंतीण असेल, इथपर्यंत मी गेले आणि मग त्या हळदीच्या वासापाशी परत आले. घरातले सगळे एकाएकी माझ्याशी चांगले वागत होते, त्याने तर मी आणखी घाबरले. बाईंनी शेवेचा पहिला घाणा मला खायला दिला. यांनी जांभळी साडी आणली आणि माझ्या हातात देताना माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. राजीला उचलून घेताना मात्र हे तिचा ओठ बोटाने हळूच वर करून बघायचे, बरं होत आलं का ते. आणि मला ते मायेचं वाटण्याऐवजी कोणी खुणा पुसल्या का ते तपासावं तसं वाटायचं. स्वतःच्या नवऱ्याच्या बोटाबद्दल असं वाटावं, याची मला लाज वाटली. लाज वाटली तरी वाटणं थांबलं नाही.

एकदा वारा सुटला आणि ताडपत्रीचा कोपरा उडाला. मी माडीवरून वाळत घातलेले कपडे काढत होते. गाडीचा डावा दिवा उजव्यापेक्षा उजळ होता. उजवा गाडी घेतली तेव्हाचा, थोडा पिवळा पडलेला. डावा कोरा, पाण्यासारखा. कालच बसवलेला असणार. एका डोळ्याने नीट पाहणाऱ्या माणसासारखी गाडी माझ्याकडे पाहत होती. आणि तेवढ्यात बाबूजी पेढीतून बाहेर आले, गाडीपाशी गेले आणि थांबले. ते खूप वेळ थांबले. मग वाकून त्यांनी ताडपत्री ओढली आणि दोरी पुन्हा बांधली, पहिल्यापेक्षा घट्ट. त्यांना दिवा दिसला की नाही? दिसला असेल तर ते काही का बोलत नाहीत? आणि दिसला नसेल तर इतका वेळ काय पाहत होते? मी कपडे छातीशी धरून आत आले आणि राजीच्या पाळण्याची दोरी ओढत बसले. राजी जागीच होती. पाळण्यातून पाय बाहेर काढून अंगठा तोंडात घालायच्या खटपटीत होती. तिला अजून कोणापासून काही लपवता येत नाही. तिला भूक लागली की सबंध अंग भुकेचं होतं. मला तिचा हेवा वाटला.

मग मला महावीरभाई आठवले. महावीरभाई यांचे शाळेपासूनचे मित्र, विम्याचे एजंट. नवरात्राच्या आधी ते आले होते, मी पडद्याआडून चहा दिला होता आणि तिथेच राजीला थोपटत उभी राहिले होते. पुरुषांचं बोलणं म्हणून अर्धंच ऐकलं होतं. आता ते सगळं परत ऐकू यायला लागलं, ते बोलत असताना आलं नव्हतं इतकं स्पष्ट. "काकाजी, यंदा आषाढ दोनदा झाला," महावीरभाई सांगत होते. "आपला पाडवा पुढे गेला. कंपनीची इंग्रजी तारीख थोडीच पुढे जाते? गाडी मागच्या पाडव्याला घेतली, विमा त्या तारखेपासून वर्षभर. यंदा तारीख आधी येईल आणि पाडवा नंतर. मधले दिवस गाडी उघडी पडेल."

"उघडी कशी? छप्पर आहे की तिला," बाबूजी म्हणाले, आणि महावीरभाई मोठ्याने हसले.

"चेष्टा नाही, काकाजी. विमा संपायला काय लागतं? गाडी दुसऱ्याला विकली, संपला. घरच्या गाडीत भाड्याचे उतारू घेतले, कंपनी हात वर करते. लायसन नसलेल्याच्या हातात चाक दिलं, तेच. पण यातलं काही न करता माणूस नुसता घरात बसला आणि तारीख टळली, तरी संपतो. न सांगता संपतो."

"माणसाचंही तसंच असतं," बाबूजी म्हणाले. "हे बघ महावीर, या घरात वर्ष पाडव्याला भरतं. वह्या पाडव्याला बदलतात, जिनिंग पाडव्याला चालू होते, गाडी पाडव्याला आली. तिचं जे काय करायचं ते पाडव्याला. मुहूर्त सोडून मी पैसा बाहेर काढत नाही, माझ्या वडिलांनीही काढला नाही."

"मग तेवढे दिवस गाडी तरी बाहेर काढू नका."

"अभय, ऐकलंस? काढू नको."

"हो बाबूजी," असं हे म्हणाले होते. मी ऐकलं होतं. आणि त्याच उघड्या दिवसांत, बाबूजी अमळनेरला आहेत असं पाहून, हे गाडी घेऊन धुळ्याला आले होते, कारण त्यांना ठाऊक होतं की एस.टी.त मी बोलत नाही. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मला यांच्यावर रागावता येईना आणि यांच्यावर विश्वासही ठेवता येईना. दोन्ही एकाच वेळी येईनासं झालं की माणूस कसा कोरडा होतो. मी पाळण्याची दोरी सोडून दिली. पाळणा आपोआप थोडा हलत राहिला.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी मागच्या दारी एक बाई झेंडूची पाटी घेऊन आली. झेंडू विकायला पुढच्या दारी येतात, म्हणून मी आधीच तिच्याकडे संशयाने पाहिलं. पाटी उतरवून तिने फुलांवर हात फिरवला, भाव सांगितला नाही. राजी माझ्या कडेवर होती. ती बाई राजीकडे पाहत म्हणाली, "हाई तीच पोर शे का? मना घरवाला सांगे, गोरी पोर व्हती, मनाकडे देखे."

"कोण तू?"

"तानुबाई. चुडामणनी बायको. तुमनी गाडीखाले जो ऊना तो."

"तो तर घरी गेला ना?"

"घर?" ती हसली नाही, पण हसण्यासारखं तोंड झालं. "जिनमां शे तो, सरकीना पोतासवर. हाडवैद्य लेप लाई जास. पाय कसा फुगी गया, काळा पडी ऱ्हायना. मी सांगं, शेठ, सरकारी दवाखानामां लई चला. शेठ म्हने, पाडवा होऊ दे. तवलोंग गाडीना इमा नही शे. पाडवाले इमा व्हई, मंग दुसरा दिन दवाखानामां नेसू, आजच लागनं म्हनीसन सांगजा, मंग तुमले कंपनीना पैसा भेटतीन." तिने फुलं पुन्हा सारखी केली. "माय, तुले काय वाटस, पाय पाडवापावत थांबी का?"

मला तिच्यावरही संशय आला, हे मला इथे लिहायलाच पाहिजे. ही वाढवून सांगत नाही कशावरून? यांच्याकडून जास्त मिळावं म्हणून मागच्या दारी आली नाही कशावरून? मी तिच्या तोंडाकडे पाहिलं, खोटं कुठे दिसतं का ते. तिच्या पदराला तो वास होता, हळद आणि ओली साल. राजीने पाटीतलं एक फूल उचललं आणि तोंडात घालायला लागली. तानुबाईनेच ते पुढे होऊन हळू काढून घेतलं, देठ मोडून टाकला, आणि पाकळ्या परत तिच्या मुठीत दिल्या. "देठ कडू ऱ्हास," ती म्हणाली. सगळी फुलं ठेवून ती पैसे न घेता निघून गेली. मी हाक मारली ती तिला ऐकू आली नसावी, किंवा आली असेल.

दुपारी हे जेवून हात धुवायला मागे आले तेव्हा मी पाणी घालत म्हटलं, "चुडामणची बायको आली होती." यांच्या हातांवरून पाणी वाहत राहिलं. मग म्हणाले, "दोनच दिवसांचा प्रश्न आहे. हाड काय पळून जातं?"

"पाय काळा पडलाय म्हणते."

"लेप काळाच असतो."

"सिव्हिलला नेलं तर काय होईल?"

"तिथे पहिल्यांदा लिहून घेतात, कधी, कुठे, कोणाची गाडी. मग पोलीस. मग बाबूजी." हे धोतराला हात पुसत होते, पुसून झाले तरी पुसत होते. "त्यालाही त्यात काय मिळणार आहे? पाडव्यानंतर त्याला कंपनीकडून मिळेल, आयुष्यभर पुरेल. मी त्याच्याच भल्याचं पाहतोय."

"बाबूजी देणार नाहीत का?"

"देतील. देतील आणि मग माझ्याकडे कधी पाहणार नाहीत. त्यांनी काढू नको म्हटलं होतं आणि मी काढली. आणि त्यांच्या मुहूर्तापायी गाडी उघडी पडली, हे त्यांना तोंडावर कोण सांगणार? तू सांगशील? घुंगटाआडून?" असं म्हणून हे हसले. वाईट हसले नाहीत. गाडीत हसतात तसंच हसले, आणि तेच मला लागलं. आमची गाडीतली जागा यांनी इथे न्हाणीच्या दारात आणून मोडली असं वाटलं. राजी रांगत आली आणि यांच्या ओल्या पायाला धरून उभी राहायला लागली. यांनी तिला उचललं नाही, पण पायही हलवला नाही. ती धरून उभी राहीपर्यंत तसेच थांबले. असा माणूस एखाद्याचा पाय सडू देईल का? आणि देत नसेल, तर जिनिंगमध्ये तो कोणाचा पाय आहे?

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी दिवे लावले, अनारसे केले, सगळ्यांच्या पाया पडले. प्रत्येक दिव्यात वात ओढताना वाटे, आता बोलावं. बाईंशी बोलायला गेले तर त्या म्हणाल्या, "पुरुषांचं पुरुष पाहतील. पोरीला दृष्ट काढ तेवढी." त्यांना किती माहीत होतं, मला अजून कळलेलं नाही. बाबूजी संध्याकाळी सामायिकाला, म्हणजे ध्यानाला बसले, डोळे मिटून, आणि मी दाराच्या फटीतून त्यांच्याकडे पाहत राहिले. या माणसाला मी किती घाबरते, आणि याच्याविषयी मला काय माहीत आहे? पाण्यातला जीव मरू नये म्हणून तो पाणी गाळून पितो. जिनिंग त्याची आहे, पोती त्याची आहेत, फाटकाची किल्ली त्याच्या उशाशी असते. यांना ती रोज कोण देतं? हा प्रश्न मनात आला आणि मी तो बाजूला ठेवला. त्या दिवसांत बाजूला ठेवलेल्या गोष्टींचा असा ढीग झाला होता की चालायला वाट नव्हती.

पाडव्याला सकाळीच ताडपत्री काढली. गाडी धुतली, पुढे कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि तानुबाईच्याच झेंडूचे हार घातले. दोन्ही दिव्यांवर हार इतके खाली आले होते की कोणता नवा ते दिसत नव्हतं. पेढीवर नव्या वह्यांची पूजा झाली. महावीरभाई नवा कोट घालून आले, "काकाजी, साल मुबारक," म्हणून वाकले, आणि पावतीचं पुस्तक मांडीवर उघडून बसले. मी औक्षणाचं ताट घेऊन उंबऱ्यात उभी होते, घुंगट हनुवटीपर्यंत, कडेवर राजी. घुंगटातून जग जाळीचं दिसतं. माणसांची तोंडं दिसतात, नजरा दिसत नाहीत. यांची नजर मला दिसत नव्हती, पण ती माझ्यावर होती.

बाबूजींनी तिजोरीतून पैसे काढून वहीवर ठेवले, त्यांना हळदकुंकू लावलं. महावीरभाईंनी पेनचं टोपण काढलं. "मधे खंड पडला ना काकाजी, म्हणून एवढं विचारावं लागतं. नुसता रिवाज. या दिवसांत गाडी कुठे लागली-बिगली नाही ना?"

"गाडी जागची हललीच नाही," बाबूजी म्हणाले. "अभय, सांग त्याला."

"काही नाही," हे म्हणाले. "ताडपत्रीखालीच होती."

महावीरभाईंनी पेन टेकवलं. मला तानुबाईचं बोट दिसलं, देठ मोडणारं. मला चुडामणच्या भुवया दिसल्या. आणि खरं सांगायचं तर मला न्हाणीच्या दारातलं ते हसणंही दिसलं, तू सांगशील? यातल्या कशामुळे माझं तोंड उघडलं, ते मी पुष्कळदा शोधलं आहे आणि मला नक्की सापडलेलं नाही.

"राजी," मी म्हटलं. आवाज माझाच होता आणि मला ओळखू आला नाही. "राजी, आजोबांना सांग, तुझा ओठ कुठे फुटला. गाडीत फुटला म्हणावं. दसरा झाल्यावर, धुळ्याहून येताना."

बाहेर कोणाच्या तरी पोरांनी फटाक्यांची माळ लावली आणि ती संपेपर्यंत सगळे तिच्यासाठीच थांबल्यासारखे थांबले. महावीरभाईंचं पेन कागदावर टेकलेलंच होतं; तिथे शाईचा ठिपका मोठा होत गेला. बाबूजी उठले, माझ्यापासून हातभर अंतरावर आले आणि राजीला घेतलं. अंगठ्याने तिचा ओठ वर केला. आत पांढरी रेघ होती, केसाएवढी. राजीने त्यांचा अंगठा धरून चावला आणि ती हसली.

"राजी," बाबूजी म्हणाले, "आईला विचार, तो माणूस कुठे ठेवलाय?"

"राजी, सांग, जिनिंगमध्ये. सरकीच्या पोत्यांवर."

"बाबूजी—" हे म्हणाले.

"गाडी काढ."

"काकाजी, विमा झालेला नाही अजून," महावीरभाई चाचरत म्हणाले. "मी आत्ता पावती फाडतो, दोन मिनिटं... मी काही ऐकलेलं नाही, काकाजी. भाभी पोरीशी बोलत होत्या."

"ठेव ते पुस्तक. तुझ्या कंपनीकडे आमचं काही निघत नाही. जे आहे ते आमचं." बाबूजींनी चपला घातल्या. "उघडीच काढ, अभय. सिव्हिलपर्यंत." मग राजीला माझ्याकडे देता देता तिलाच म्हणाले, "आईला सांग, तूही चल म्हणावं. तिथे बाईमाणूस आहे, तिला सोबत लागेल."

हार काढायला कोणी थांबलं नाही. पुढच्या सीटवर मी, मांडीवर राजी. मागे बाबूजी, चुडामण पडला होता त्याच जागी. या गाडीत घुंगट घेऊन मी पहिल्यांदाच बसले होते. हे गाडी चालवत होते, हळू, फार हळू, प्रत्येक सायकलवाल्याला वाट देत. यांची बोटं चाकावर वाजत नव्हती. एकदा यांनी माझ्याकडे मान वळवली आणि पुन्हा सरळ केली. झेंडूच्या पाकळ्या वाऱ्याने सुटून काचेवर येत होत्या आणि जात होत्या. गाव मागे पडलं. मला बोलायचं होतं, इथेच बोलायची सवय होती, आणि काय बोलायचं ते शोधताना एकदम लक्षात आलं. मी माणसाचं नाव काढलं नव्हतं. ओठ म्हटलं, गाडी म्हटलं, धुळं म्हटलं. माणूस मी म्हटलं नाही. कुठे ठेवलाय, असं बाबूजींनीच विचारलं. आणि बाईमाणूस? तानुबाईचं तर मी कोणालाच, यांच्याशिवाय कोणालाच, बोलले नव्हते.

आरशात बाबूजींचं तोंड दिसत होतं. डोळे मिटलेले होते, सामायिकाला बसतात तसे. किल्ली त्यांच्या हातात होती. केव्हापासून माहीत होतं त्यांना? दिवा पाहिला त्या दिवसापासून? की पहिल्या संध्याकाळपासून, पानावर यांची वाट न पाहता जेवले तेव्हापासून? तेही पाडव्याचीच वाट पाहत होते का? की कोणीतरी बोलावं, म्हणून थांबले होते? समोर जिनिंगचं फाटक आलं. फाटकापाशी तानुबाई उभी होती. हार घातलेली गाडी येताना पाहून तिने तोंडाला पदर लावला. विचारायचं तर आत्ताच विचारायला हवं होतं. मी खाली पाहिलं. राजी माझ्या मांडीवर झोपून गेली होती, तोंड थोडं उघडं, तो दात दिसत होता.

मी घुंगट आणखी खाली ओढला.